सगळं छप्पर उतरवलं तेव्हा

आमच्या घराच्या मागच्या पाख्याच्या, म्हणजे छपराच्या मागच्या उताराच्या, रिपा कुजल्या होत्या. रिपा म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्या. गेले काही पावसाळे कौलांखाली पोफळीच्या विरीचे तुकडे सारून, तेवढ्याने भागलं नाही तर प्लॅस्टिक ओढून निभावलं. तरी जुलै लागला की माजघरात पातेली मांडायची वेळ यायचीच. शेवटी २०२५च्या मे महिन्यात सगळं छप्पर उतरवून नव्या रिपा मारायच्या आणि कौलं पुन्हा चढवायची असं ठरलं. फुटकी कौलं बदलताना मी दरवर्षी बघत आले होते, पण अख्खं घर उघडं करून पुन्हा झाकायचं काम पहिल्यांदाच जवळून बघितलं, त्यात हातही लावला. दापोली तालुक्यातल्या आमच्यासारख्या वाड्यांमध्ये हे काम अजून कसं होतं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

दरवर्षीचं काम लहान असतं. माकडांच्या उड्यांनी कौलं फुटतात, नारळ पडून फुटतात, वाऱ्याने सरकतात. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी दोघं जण वर चढतात, फुटकी काढून चांगली घालतात, साचलेला पालापाचोळा झाडतात आणि जेवणवेळेच्या आत खाली उतरतात. पण रीप कुजली की ती बदलायला तिच्यावरची कौलं काढावीच लागतात. आमच्याकडे एवढ्या रिपा गेल्या होत्या की तुकड्यातुकड्याने करण्यात अर्थ नव्हता.

पत्रे घाला, असं पुष्कळांनी सांगितलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही इथेच होतो. टाळेबंदीत मुंबईहून आलो होतो आणि पुढे इथेच राहिलो. त्या दुपारी वाडीतलं एकही घर धड उरलं नाही. माड आडवे झाले, आंब्याची जुनी कलमं मुळापासून उपटली गेली, कौलं तर पाचोळ्यासारखी उडत होती. वीज यायला कित्येक आठवडे लागले. कौलं कुठे मिळेनात. पाऊस तर दारात होता, तेव्हा ज्यांना पत्रे मिळाले त्यांनी पत्रे घातले, आणि ते घरावर कायमचे राहिले. आज आमच्या वाडीत निम्म्या घरांवर निळे नाहीतर लाल पत्रे दिसतात.

सासूबाईंनी पत्र्याला साफ नकार दिला. उकाड्याचं आणि पावसाच्या आवाजाचं कारण सगळेच सांगतात, तेही त्यांनी सांगितलं. पण त्यांचं खरं म्हणणं वेगळं होतं. "पत्रा एकदा ठोकला की कोण कशाला येतंय आपल्या घरावर? कौलं हायत म्हणून आगोटीला माणसं येतात." हे मला तेव्हाच पटलं आणि पुढच्या दिवसांत तर पूर्णच पटलं. पत्र्याला ठेकेदार लागतो, एकदा. कौलाला शेजार लागतो, आणि तो दरवर्षी लागतो. मला हा कौलाचा तोटा वाटत नाही.

वाडीची बैठक सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, झाली. आमच्याकडे मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, घराघरांत हात असतात. जून लागला की वाडीत राहतात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली मुलं. म्हणून छपरांची कामं चाकरमान्यांची सुट्टी संपायच्या आत उरकायची असतात. सावडीचा, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जाण्याचा, हिशोब कोणी वहीत लिहीत नाही. ज्याच्या घरावर काम, त्याने जेवण आणि चहा बघायचा. बाकीच्या प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. ज्या घरात वर चढणारं माणूस नाही त्या घराची बाई खाली कौलं घासायला येते, तीही माणूस म्हणूनच धरतात.

कोणाचं घर आधी, यावर वाद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. वरच्या घरच्या आजी एकट्या राहतात, त्यांचं घर पहिलं, हे कोणी न सांगताच धरून चाललेलं होतं. मग आमचं, कारण आमचं काम मोठं. खालच्या अंगाचे काका म्हणाले, "आमचं शेवटी धरा, आमच्या फक्त पुढच्या पाख्याचं काम हाय." तसं ठरलं.

छप्पर उतरवायच्या आधी घर रिकामं करावं लागतं. कौलं निघताना वर्षानुवर्षांची माती, जळमटं, उंदरांनी नेऊन ठेवलेल्या आठळ्या, सगळं खाली येतं. जड पेट्या आणि कणगी जागच्या जागी चादरी टाकून झाकल्या. बाकीचं सामान शेजाऱ्यांकडे गेलं. गाद्या आणि गोधड्या एका घरी, डबे-बरण्या दुसऱ्या घरी, मुलांची दप्तरं तिसऱ्या घरी. देव शेजारच्या काकींच्या देवघरात त्यांच्या देवांशेजारी बसले. सासूबाई रोज सकाळी आंघोळ करून तिकडे पूजेला जायच्या, आणि काकी त्यांच्यासाठी फुलं काढून ठेवायच्या. आम्ही दोघी सुना रात्री काकींच्याच पडवीत झोपायचो. बोलता बोलता मध्यरात्र व्हायची. याआधी इतकी वर्षं एका कुंपणाच्या अंतरावर राहून काकींच्या माहेरची गोष्ट मला माहीत नव्हती.

कामाच्या दिवशी उजाडताच सगळे जमले. वाडीतल्या वडीलधाऱ्या आबांनी उंबऱ्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: वर चढणाऱ्याला सांभाळ, घराला सांभाळ, पावसाला थोडा थांबव. मग नारळ फोडला आणि शिड्या लागल्या.

कौलं उतरवायची ती आढ्याकडून खाली. आधी आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराचा माथा झाकणारी कौलं, काढतात. ते सिमेंटमध्ये बसवलेले असल्याने जपून सोडवावे लागतात. मग एकेक ओळ. वर चढणारे अनवाणी असतात आणि पाय कुठे ठेवायचा ते त्यांना पक्कं माहीत असतं. जिथे दोन कौलं एकमेकांवर येतात तिथे खाली रीप असते, तिथेच भार द्यायचा. कौलाच्या मध्यावर पाय पडला की ते गेलंच. एक मंगळुरी कौल अडीच-तीन किलोचं. वरून शिडीवर, शिडीवरून खाली आणि तिथून अंगणाच्या कडेपर्यंत माणसांची रांग लागते आणि कौल हातोहात येत राहतं. मी या रांगेत होते. घाई करणाऱ्याला आबा दटावत होते. रांगेचा वेग सगळ्यात हळू माणसाच्या वेगाइतकाच ठेवायचा, नाहीतर मध्ये कुठेतरी दोन कौलं एका हातात येतात आणि दोन्ही फुटतात.

अंगणात दुसरं काम चालू होतं. प्रत्येक कौल काथ्याने घासून शेवाळ काढायचं आणि मग बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं. भेग गेलेलं बद्द वाजतं, वरून ती भेग दिसली नाही तरी. काकींचा कान याबाबतीत वाडीत सगळ्यात तयार. त्या टिचकी मारायच्या आणि मान हलवून कौल डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा इशारा करायच्या. दुपारपर्यंत मलाही फरक कळायला लागला होता. बद्द वाजलेली कौलं टाकून देत नाहीत. न्हाणीच्या मागे पागोळ्या पडतात तिथे ती उभी रोवली की जमिनीची धूप होत नाही.

कौलांखाली विंचू असतात, म्हणून लहान मुलांना रांगेपासून लांब ठेवलं होतं. त्यांना काम नको असं नाही; ती पाण्याचे तांबे फिरवत होती आणि रायवळ आंबे पुरवत होती.

काही कौलांच्या पाठीवर उठावाची इंग्रजी अक्षरं निघाली: बासेल मिशन, मंगळूर. तिथे मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर मंगळुरी कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलं. आमच्या घरात असं सांगतात की आजेसासऱ्यांनी ही कौलं गलबताने आलेली, हर्णै बंदरावरून बैलगाडीने आणली. त्याआधी घर नळ्यांचं होतं, म्हणजे कुंभाराने चाकावर केलेल्या अर्धगोल कौलांचं. त्याच्याही आधी पेंढ्याने शाकारलेलं. ही जुनी कौलं घासून उन्हात ठेवली तर टिचकीला अजून खणखणीत वाजत होती. ती पुढच्या पाख्यावर, दारावरच्या ओळीत बसवायची असं सासूबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं.

सगळी कौलं उतरल्यावर घराचा सांगाडा उघडा पडला आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. न्हाणीच्या बाजूला, जिथे पाणी तापवायची चूल रोज पेटते, तिथले वासे आणि रिपा काळ्याकुट्ट, पण टणक. सुताराने वाकसाने ठोकून बघितल्या तर एकही पोकळ निघाली नाही. माजघरावरच्या आणि मागच्या खोलीवरच्या मात्र हाताने चुरा व्हावा अशा. स्वयंपाकघरात गॅस आला, चूल गेली, आणि त्याबरोबर घरभर फिरणारा धूरही गेला. धुराने वाळवी लांब राहते हे जुनी माणसं सांगतात. आमच्या घराच्या छपरात ते अगदी रेघ मारल्यासारखं दिसत होतं. बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला चुलीचा धूर किती त्रास देतो हे मला माहीत आहे, म्हणून चूल परत आणा असं मी म्हणणार नाही. त्याऐवजी नव्या रिपांना काजूच्या टरफलांचं तेल दोनदा लावलं. ते अंगाला लागलं तर कातडी सोलते, त्यामुळे हे काम सुताराने हातांना फडकी बांधून स्वतःच केलं, दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

सुतार पलीकडच्या वाडीतले. पैसे घेऊन काम करणारे तेवढे एकच. त्यांनी आधी एक मापाची काठी कापली आणि रिपांमधलं प्रत्येक अंतर तिनेच मोजलं. कौलाच्या पाठीला उंचवटे असतात, ते रिपेवर अडकतात. रिपा एकमेकींपासून जरा जास्त लांब गेल्या तर वरचं कौल खालच्यावर पुरेसं येत नाही आणि वाऱ्याबरोबर आलेलं पाणी त्या फटीतून आत शिरतं. जवळ आल्या तर कौल तोंड वर करून बसतं. गळक्या छपरांमध्ये पुष्कळदा कौल चांगलं असतं, रीपच चुकीच्या जागी मारलेली असते, असं ते काम करता करता सांगत होते.

जेवण काकींच्या अंगणात शिजत होतं. तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या टोपात भात, कुळथाची पिठी, निखाऱ्यावर भाजलेले सुके बांगडे, कच्च्या फणसाची भाजी. आमच्याकडे काम म्हणून तांदूळ-मीठ आमचं, पण पिठी एकीच्या घरची, बांगडे दुसरीने हर्णैहून येताना आणलेले, फणस तिसरीच्या परसातला. कोकमाचं सरबत तर आजींनी पाठवलं, ज्यांचं घर आदल्याच दिवशी शाकारून झालं होतं. त्यांना चालवत नाही. नातवाच्या हाती कळशी पाठवली आणि निरोप दिला: "माझ्याकडून एक माणूस आला असं धरा." आबांनी तो निरोप सगळ्यांना मोठ्याने सांगितला.

जेवणं झाल्यावर ऊन उतरेपर्यंत कोणी वर चढत नाही. गोठ्याच्या सावलीत माणसं आडवी होतात. मुंबईहून आलेला आबांचा मुलगा तिथे एका उंच इमारतीत लिफ्टचं काम बघतो. तो सांगत होता की त्याच्या मजल्यावर चार घरं आहेत, त्यांतल्या एकाचंच आडनाव त्याला ठाऊक आहे. कोणी त्यावर काही बोललं नाही. थोड्या वेळाने काका म्हणाले, "गणपतीला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये."

कौलं चढवायची ती खालून वर, वळचणीकडून आढ्याकडे. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. टोकाला दोरी ताणून धरतात आणि त्या ओळीला पागोळी एकसारखी पडेल अशी कौलं बसवतात. पहिली ओळ तिरकी गेली की आढ्यापर्यंत सगळं तिरकं जातं. माजघरावर दोन काचेची कौलं बसवली. आधी एकच होतं आणि त्याच्यावर शेवाळ धरून ते आंधळं झालं होतं. आता सकाळी दहाच्या सुमारास उन्हाचा चौकोन बरोबर जात्यावर पडतो. पुढचं आणि मागचं पाखं जिथे बाजूच्या पडवीच्या उताराला मिळतं, तिथे पन्हळीचा नवा पत्रा घातला. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. सगळ्यात शेवटी कोने, सिमेंटमध्ये. संध्याकाळी आढ्यावरून खाली उतरलेला शेवटचा माणूस आबा होते, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांना वर चढू नका म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, पण दोन तरुण पोरं दिवसभर त्यांच्या खालच्या ओळीत राहतील अशी कोणीतरी व्यवस्था केली होती. आबांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

काम एका दिवसात झालं नाही; रिपा मारायलाच वेळ गेला. मध्यंतरी रात्री घर उघडं होतं आणि आम्ही आकाशाकडे बघत होतो. पण आमचं छप्पर कोरडं असतानाच पूर्ण झालं.

काकांच्या वाट्याला तसं आलं नाही. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो आणि पाऊस त्याच्या आगेमागे येतो या हिशोबाने आमच्या सगळ्या कामांची आखणी असते. २०२५ साली मेच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेपासूनच कोकणात जोराचा पाऊस सुरू झाला, आणि २५ मेला मोसमी पाऊस तळकोकणात, २६ला मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने सांगितलं. काकांचं पुढचं पाखं त्या वेळी उतरवलेलं होतं. कौलं अंगणात, रिपा अर्ध्या मारलेल्या, आणि दुपारी चारच्या सुमारास समुद्राच्या बाजूने काळोख आला.

पहिला आवाज सासूबाईंचा. "काकांचं घर उघडं हाय!" म्हणत त्या पडवीतून तशाच निघाल्या. मी आणि जाऊ मागोमाग. कोणी ताडपत्री आणली, कोणी भात झोडताना अंथरायची मोठी कापडं, कोणी गाडीवरचं आच्छादन. पोरं वाशांवर चढली आणि आढ्यावरून ताडपत्री खाली सोडली. वाऱ्याने ती फुगून वर उठत होती, तेव्हा खालून बायकांनी तिची टोकं धरली आणि अक्षरशः लोंबकळून राहिल्या. मग कोणीतरी काथ्याचा दोर टाकला, दोन्ही टोकांना जांभ्याचे चिरे बांधले, तेव्हा हात सोडता आले. घरात बी-भाताची कणगी होती, पुढच्या हंगामाचं बियाणं. ते तेवढं वाचलं. भिंतीचा एक कोपरा भिजून माती सुटली, ती नंतर लिंपून घेतली.

पुढचे दिवस उघडीप मिळेल तेव्हा काम झालं. ताडपत्री एका बाजूने वळत जायची, जेवढं उघडं होईल तेवढ्या रिपा मारायच्या, लगेच कौलं चढवायची, पुन्हा वळायचं. पावसाच्या सरीत ओलं कौल निसरडं होतं आणि जडही लागतं. चाकरमान्यांपैकी दोघांची सुट्टी संपली होती. त्यांनी मुंबईला फोन करून रजा वाढवून घेतली. एकाला ती मिळाली नाही, तो रात्रीच्या गाडीने गेला, पण जाण्याआधी दुपारपर्यंत आढ्यावर होता. काकूंनी त्याला वाटेसाठी घावने आणि ओल्या नारळाची चटणी बांधून दिली.

जुलैत आमच्याकडे गळती झाली का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते: एका जागी झाली, पन्हळीच्या वळणावर. आबांनी आतून काठीने कौल बोटभर वर सरकवलं, थेंब थांबला. नव्या छपराची कौलं पहिल्या पावसात थोडी बसतात, एवढं तेवढं होतंच. माजघरात पातेली मांडावी लागली नाहीत.

उरलेली चांगली कौलं गोठ्यामागे उभी रचून ठेवली आहेत. ती आमची आहेत असं कोणी मानत नाही. श्रावणात वाऱ्याने कोणाचं कौल फुटलं की मुलगा येतो, दोन घेऊन जातो, जाताना ओटीवर सांगून जातो. पुढच्या कामाची बैठक सहाणेवर झाली तेव्हा दोन गोष्टी ठरल्या. छपरांची कामं यापुढे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करायची, आणि आजींच्या घरानंतर लगेच काकांचं मागचं पाखं धरायचं.